दोराची परीक्षा : फांदी उतरवण्याच्या घरगुती साधनांविषयी एक पाठ

स्मरणिकेत विद्यालयाच्या वाटचालीविषयी, संस्थापकांच्या त्यागाविषयी आणि माजी विद्यार्थ्यांच्या यशाविषयी लिहिण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र या अंकासाठी दोराचा विषय निवडला आहे. इतिहास शिकविणाऱ्याने दोर, गडगडी आणि फांद्या यांविषयी लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडली होती. तिच्यातून आम्ही जे शिकलो, ते माजी विद्यार्थ्यांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोहोचविणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग तोंडावर आला होता. वसतिगृहाच्या पत्र्यावर झुकलेला एक मोठा निंब धोकादायक झाला होता व त्याचा वरचा भाग उतरविणे भाग होते. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार झाडाला इजा पोहोचविणेही झाड तोडण्यातच मोडते. म्हणून महानगरपालिकेची रीतसर परवानगी आम्ही काढली होती. कागद पूर्ण होते. झाड तोडणाऱ्या तिघांना बोलावले, दर ठरविला आणि आम्ही शिक्षक मंडळी सावलीत उभे राहून काम पाहू लागलो.

त्यांची सारी साधने घरी तयार केलेली होती. विहिरीवरची जुनी लोखंडी गडगडी होती. ती झाडाला अडकविण्यासाठी बांधकामाची सळई वाकवून आकडा केला होता. खाली बुंध्याला साखळीने आवळलेला दोन हात लांबीचा लोखंडी पाइप होता आणि दोर घसरू नये म्हणून त्याला सळईचे तुकडे वेल्डिंग करून जोडले होते. दोर निळ्या प्लॅस्टिकचा, बाजारात सर्वत्र मिळतो तसा. वर चढलेला माणूस फांदीला दोर बांधून ती कापी. दोर गडगडीवरून खाली येई, पाइपाला वेढे घेई, आणि खालचा माणूस तो हळूहळू सैल सोडी. पहिल्या दोन फांद्या अशा अलगद उतरल्या की आम्ही वाहवा केली.

तिसऱ्या वेळी कापायचा होता तो उभा शेंडा. त्याच्या वर गडगडी अडकवायला काही नव्हते, म्हणून ती कापाच्या खाली बांधली. शेंडा सुटला, गडगडीच्या वरून खाली असा सुमारे दोन मीटर पडला आणि दोराला हिसका बसला. सळईचा आकडा सरळ झाला. गडगडी सुटून खालच्या माणसापासून हातभर अंतरावर आदळली. शेंडा पत्र्याची कड वाकवून जमिनीवर आला. दोर तळहातांतून सरसरत गेल्याने त्या माणसाच्या हातांची साल निघाली. मुले त्या वेळी वर्गात होती.

हातांना पट्टी बांधत असताना तो माणूस म्हणाला, "सर, विहिरीवर इतकी वर्षं चाललंय हे. कधीच दगा दिला नाही."

त्या माणसाचा मुलगा आमच्याच सहावीच्या वर्गात होता. गडगडी हातभर अलीकडे पडली असती तर त्या मुलाला काय सांगायचे, हा प्रश्न त्या रात्री आम्हांस झोपू देईना. आम्ही त्यांना किती पैसे घ्याल हे विचारले होते, काम कधी संपेल हे विचारले होते. दोर किती भार पेलतो, आकडा कशाचा आहे, हे मात्र एकाही शिक्षकाने विचारले नव्हते. विद्यार्थ्यांना 'प्रश्न विचारा' असे रोज सांगणाऱ्या आम्हां सर्वांचा तो दोष होता.

विहिरीचा दोर आणि झाडाचा दोर

"विहिरीवर चालले" हे वाक्य खोटे नव्हते. ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पंप येण्यापूर्वी मराठवाड्याची बागायत मोटेवर चाले. मोटेला दोन दोर असत : भार ओढणारा जाड नाडा आणि मोटेच्या सोंडेला बांधलेली बारीक सोल. बैल धावेवरून खाली उतरत आणि भरलेली मोट वर येई. हे दोर, तसेच जनावरांची दावी, कासरे, चऱ्हाटे वळण्याचे काम गावगाड्यात प्रामुख्याने मातंग समाजाच्या वाट्याला दिलेले होते. अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख काढायचा, त्याला पीळ द्यायचा, पदरावर पदर चढवायचा, हे सारे घरातील बायामाणसे मिळून करीत. कोणता वाख कुजका आहे, कोणता पदर सैल राहिला आहे, हे त्यांच्या बोटांना कळे. शेतीचे पाणी त्यांच्या पिळावर उभे होते. परंतु गावाने त्या ज्ञानाला ज्ञान म्हटले नाही, त्याला जातीचे काम म्हटले आणि मोबदल्यात बलुते दिले. घरी वळलेला दोर किंवा घरी घडविलेले अवजार कमी प्रतीचे असते, असे आम्ही म्हणूच शकत नाही. आपल्या पूर्वजांचे हात त्यात गुंतलेले आहेत.

तथापि मोटेचा भार आणि फांदीचा भार यांत मूलभूत फरक आहे. मोटेचा भार बैलांच्या पावलाबरोबर वाढतो. दोर ताणला जातो, पण त्याला हिसका क्वचित बसतो. दुसरे असे की नाडा तुटला तर मोट पाण्यात पडे. मोटेखाली सहसा माणूस नसे. झाडावर याच्या उलट घडते. फांदी आधी पडते आणि मग दोर तिला अडवितो. आणि खाली माणूस असतो. विहिरीवरच्या वीस वर्षांच्या अनुभवाने गडगडी संथ भार पेलते एवढेच सिद्ध झाले होते. पडत्या भाराविषयी तो अनुभव काहीच सांगत नव्हता.

हिसक्याचे गणित

पुढे आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी नववीच्या वर्गात एक साधा प्रयोग केला. पाच किलोच्या ताणकाट्याला अर्ध्या किलोचा दगड दोरीने टांगला. काटा अर्ध्या किलोवर स्थिर झाला. मग तोच दगड हातभर वर उचलून सोडला. काटा क्षणभर शेवटच्या खुणेला जाऊन थडकला. दगडाचे वजन तेच, पण ओढ कित्येक पट. मुले चकित झाली आणि खरे सांगायचे तर आम्हीही झालो.

आता हेच गणित निंबाच्या शेंड्याला लावून पाहू. २० सेंटीमीटर व्यासाचा आणि दोन मीटर लांबीचा ओल्या लाकडाचा तुकडा सुमारे ५० ते ६० किलोचा भरतो. सोयीसाठी ५० किलो धरू. तो २ मीटर मोकळा पडला आणि दोराने अर्धा मीटर ताणून त्याला थांबविले, तर एकूण अडीच मीटरच्या पडण्याचा सारा जोर त्या अर्ध्या मीटरात जिरवावा लागतो. म्हणजे दोरावरची सरासरी ओढ ५० च्या पाचपट, २५० किलो. दोराची ओढ शून्यापासून वाढत जाते, त्यामुळे अखेरच्या क्षणी ती सरासरीच्या दुप्पट, सुमारे ५०० किलो होते. गडगडीला दोराच्या दोन बाजू खाली ओढतात : एका बाजूला लाकूड, दुसऱ्या बाजूला बुंध्याकडे गेलेला दोर. घर्षण सोडून दिल्यास गडगडीवर आणि तिच्या आकड्यावर सुमारे १००० किलोचा भार येतो. ५० किलोचे लाकूड, आणि आकड्यावर एक टन! सळई सरळ का झाली याचे उत्तर या आकड्यात आहे.

दोर कमी ताणणारा असेल तर स्थिती आणखी बिघडते. तेच लाकूड पाव मीटरात थांबले, तर दोरावरची ओढ ९०० किलोपर्यंत आणि गडगडीवरचा भार १८०० किलोपर्यंत जातो. म्हणून लिफ्टमधून काढलेली जुनी तार 'अधिक मजबूत' समजून वापरणे हा घातक समज आहे. तार जवळजवळ ताणत नाही. हिसका ती जसाच्या तसा झाडाकडे आणि आकड्याकडे पाठविते.

याच गणितात बचावाचा मार्गही आहे. खालच्या माणसाने दोर घट्ट न धरता २ मीटरपर्यंत सरकू देत सावकाश थांबविला, तर ओढ सुमारे १०० किलोवर येते आणि गडगडीवरचा भार २०० किलोच्या आसपास राहतो. खालच्या हाताचे कौशल्य असे पाचपट फरक घडविते.

हे कौशल्य वेढ्यांवर अवलंबून असते. दोर बुंध्याला किंवा पाइपाला गुंडाळला की प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण भार खात जाते आणि हाताला उरते ते थोडेच. घर्षणाचा गुणांक पाव धरला, तर एका पूर्ण वेढ्याने ५०० किलोची ओढ सुमारे १०४ किलोवर येते, दोन वेढ्यांनी २२ किलोवर आणि तीन वेढ्यांनी साडेचार किलोवर. एक वेढा कमी पडला तर दोर हातातून निसटतो. एक जास्त झाला तर तो अडकतो आणि पुन्हा हिसका बसतो. हे प्रमाण दोराच्या जातीवर आणि पृष्ठभागावर बदलते. म्हणून पहिला तुकडा नेहमी लहान घेऊन वेढ्यांचा अंदाज घ्यावा लागतो.

रथ कशाला म्हणावे?

आमच्या शहरात बाबासाहेबांनी उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे. 'मिलिंदप्रश्ना'त भदन्त नागसेन राजाला रथाचा दाखला देतात. रथ म्हणजे आस काय, चाक काय, जू काय? एकही भाग स्वतः रथ नाही. सर्व भागांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. फांदी उतरविण्याच्या साधनालाही हाच विचार लागू पडतो. साधन म्हणजे नुसता दोर नव्हे. झाड, आकडा, गडगडी, दोर, गाठ, वेढ्याचा पाइप, त्याची साखळी आणि दोर धरणारा माणूस, ही सारी मिळून एक जुळणी आहे. नवा कोरा दोर आणला आणि आकडा सळईचाच राहिला, तर सारी जुळणी त्या आकड्याइतकीच भक्कम.

यातील प्रत्येक भागाचा एक छुपा दोष असतो. सळईचा आकडा तोंडाशी उघडा असतो आणि भार वाढला की उलगडतो. विहिरीच्या गडगडीची खाच जाड दोरासाठी नसते. दोर खाचेतून उतरून कडेला अडकतो आणि कापला जातो. वेल्डिंग बाहेरून चकचकीत दिसले तरी आत पोकळी राहू शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पाइपाच्या कापलेल्या कडा घासून गोल केल्या नाहीत तर त्या सुरीसारखे काम करतात. गाठ मारली की दोराची ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने घटते. वाखाचा दोर ओलाव्याने आतून कुजतो. स्वस्त प्लॅस्टिकचा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो उन्हाने ठिसूळ होतो आणि सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळतो. पाइपावर वेगाने घसरताना घर्षणाची उष्णता त्याला तेथवर नेऊ शकते. जळलेल्या सुंभाचा पीळ जात नाही म्हणतात; या दोराचे तसे नाही, वितळला की तो एका क्षणात सुटतो.

म्हणूनच या क्षेत्रातील सामान्य संकेत असा की नव्या दोराची तुटण्याची जी ताकद असेल, तिच्या दहाव्या भागापेक्षा अधिक भार त्यावर टाकू नये. घरगुती साधनाची खरी अडचण येथे आहे. ज्याची तुटण्याची ताकदच कोणाला ठाऊक नाही, त्याचा दहावा भाग कसा काढावा?

परंपरा आणि परीक्षा

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की एखादी गोष्ट परंपरेने आली आहे, ऐकिवात आहे किंवा सांगणारा आदरणीय आहे, एवढ्यावरून ती स्वीकारू नका. ती कोणाच्या हिताची आणि कोणाच्या अहिताची, हे स्वतः पारखा. हा उपदेश आपण सभांमधून सांगतो, पण तो दोरालाही लागू आहे असे आम्हांस त्या दिवसापूर्वी सुचले नव्हते. "कधीच दगा दिला नाही" हे परंपरेचे वाक्य आहे. "किती भारावर, कशा प्रकारच्या भारावर, आणि कोणी तपासले?" हे परीक्षेचे वाक्य आहे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. घरी केलेल्या साधनाला एकदा मोठे वजन टांगून पाहिले म्हणजे ते सुरक्षित ठरत नाही. त्या परीक्षेतच वेल्डिंगला न दिसणारी चीर गेलेली असू शकते, आणि पुढच्या लहान भारावर ते तुटू शकते. खरी परीक्षा म्हणजे ज्ञात धातू, ज्ञात घडण, मोजलेली ताकद, त्यावर कोरलेला सुरक्षित भार आणि ठरावीक मुदतीने जाणकाराची तपासणी.

ही अपेक्षा परकी किंवा चैनीची नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने माणसे वा माल चढविण्या-उतरविण्याच्या प्रत्येक यंत्राला, साखळीला आणि दोराला हेच नियम घालून दिले : चांगली घडण, निर्दोष साहित्य, पुरेशी ताकद, बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी, आणि स्पष्ट नमूद केलेला सुरक्षित भार. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. कामगाराच्या जिवाची जबाबदारी केवळ त्याच्या नशिबावर सोडता येणार नाही, हा विचार त्या काळात राज्यकारभारात रुजत होता. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४२ ने कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती निर्माण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. परंतु शाळेच्या अंगणातील निंब म्हणजे कारखाना नव्हे. तेथे तपासनीस येत नाही. तेथे तपासनीस व्हायचे ते काम देणाऱ्याने, म्हणजे त्या दिवशी आम्ही.

दोराला बांधून माणसाला गटारात उतरविण्याविरुद्ध आपण आवाज उठवितो. त्याविरुद्ध २०१३ चा कायदा झाला, सर्वोच्च न्यायालयाने निवाडे दिले, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. तेथेही प्रश्न हाच असतो : धोका कोणाच्या वाट्याला आणि सावली कोणाच्या? आमच्याच अंगणात आम्ही सावलीत उभे होतो, हे विसरता येत नाही.

काम देताना विचारावयाचे प्रश्न

पावसाळ्यापूर्वी घरोघरी फांद्या छाटल्या जातात. आपल्या अंगणात हे काम काढणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने व पालकाने पुढील गोष्टी पाहाव्यात, अशी आमची विनंती आहे.

१. दोर, गडगडी आणि आकडा यांवर सुरक्षित भार लिहिलेला आहे काय? नसेल तर डोक्यावरच्या भारासाठी ते वापरू देऊ नये.

२. आकड्याचे तोंड बंद होते काय? सळईचा उघडा आकडा मुळीच चालवून घेऊ नये.

३. दोर हातभर हातभर सरकवत, पदर किंचित उलगडून पाहावा. तुटलेले तंतू, चकाकणारा वितळलेला भाग, कुजका वास किंवा कडक झालेला तुकडा दिसला तर तो दोर बाद.

४. फांदीचे तुकडे शक्य तितके लहान करावेत. गडगडी कापाच्या वर बांधता आली तर पडण्याचे अंतर जवळजवळ उरत नाही. ती खालीच बांधावी लागत असेल, तर हाताने फेकता येईल एवढाच तुकडा कापावा.

५. वेढ्यांसाठी वेल्डिंगच्या पाइपापेक्षा झाडाचा धडधाकट बुंधा बरा. सालीला थोडी इजा होते, परंतु बुंधा निखळून अंगावर येत नाही.

६. दोर धरणाऱ्याने हातमोजे घालावेत, दोर मनगटाला कधीही गुंडाळू नये आणि भाराच्या खाली उभे राहू नये. इतर सर्वांना झाडाच्या उंचीहून अधिक अंतरावर ठेवावे.

७. जवळ विजेची तार असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही वर चढवू नये.

८. झाड मोठे असेल, पत्र्यावर किंवा रस्त्यावर झुकलेले असेल, तर उचलशिडीची गाडी आणि प्रशिक्षित माणसे बोलवावीत. खर्च वाढतो, तो खर्च काम काढणाऱ्याचा आहे, चढणाऱ्याच्या जिवाचा नव्हे.

आमचे माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत, कारखान्यांत आहेत, तंत्रशिक्षण देत आहेत. त्यांना आमची एक विशेष विनंती आहे. झाड तोडणाऱ्यांच्या हातातील साधन हिरावून त्यांना हिणवू नका. विहिरीच्या गडगडीतून झाडाचे यंत्र उभे करणारी बुद्धी लहान नाही. तिला मोजमापाची आणि चांगल्या धातूची जोड मिळालेली नाही, इतकेच. तपासलेले दोर, बंद तोंडाचे आकडे आणि योग्य गडगड्यांचा एक संच विद्यालयात ठेवता आला, आणि दरवर्षी उन्हाळ्यात परिसरातील या कष्टकऱ्यांसाठी एक दिवसाचे शिबिर घेता आले, तर ज्या ज्ञानाला गावाने केवळ बलुते दिले, त्याला आपण निदान सुरक्षितता देऊ शकू.

सहावीतला तो मुलगा पुढे नववीत गेला आणि ताणकाट्याच्या प्रयोगाला तो पहिल्या बाकावर होता. काटा थडकल्यावर त्याने विचारले, "सर, मग बाबांचा आकडा किती किलोचा होता?" आम्ही फळ्यावर गणित मांडले. भार किती आला ते निघाले. आकड्याची ताकद किती ते मात्र निघाले नाही, कारण ती कधी मोजलीच गेली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी त्याने घरी जाऊन वडिलांना काय सांगितले ते आम्हांस ठाऊक नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात त्याचे वडील शाळेत आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर नवा दोर होता आणि सळईचा आकडा त्यांनी मोडीत दिला होता. दोर आमच्यापुढे धरून ते म्हणाले, "सर, पोरगं म्हणालं आधी तुम्हाला दाखवा. बघा बरं, यावर किती लिहिलंय."

आम्ही चष्मा लावला आणि वाचून दाखविले.